बाबांच्या हयातीत गेलेली मिशी

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. त्यामुळे कॉलेजात सगळंच शिकवतात, असा घरातल्यांचा समज आहे. मी बी.ए.ला आहे आणि माझा विषय राज्यशास्त्र आहे, हे मी आईला अनेकदा सांगितलं. ती दरवेळी समजल्यासारखी मान डोलावते आणि गोळ्यांची पट्टी माझ्यापुढे धरते. "हे जेवनाआधी का जेवनानंतर, पाहून सांग बरं." मी पट्टी उलटसुलट करतो, गंभीर चेहरा करतो, बाहेर जाऊन मेडिकलवाल्याला फोन करतो आणि आत येऊन त्याचं उत्तर माझं म्हणून सांगतो. शिक्षणाचा उपयोग होतो तो असा.

गोळ्या बाबांच्या. दिवाळीनंतर बाबांना हृदयाचा झटका आला. वर्ध्याच्या दवाखान्यात राहून ते बरे होऊन परतले. डॉक्टरांनी सांगितलं, "आता रोज चालायचं. बसून राहिलात तर आम्ही केलेलं सगळं वाया." बाबांनी हात जोडले, गाडीत बसले, नाचणगावला घरी आले आणि खाटेवर बसले ते बसलेच. खाटेपासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून खाटेपर्यंत, एवढाच त्यांचा तालुका उरला. पाराकडे जाणं बंद, वावर काकांकडे कसायला. न्हाव्याला घरी बोलावलं तर त्यालाही परत पाठवलं. दाढी वाढत गेली. कोणी काही म्हटलं की म्हणायचे, "आता कोनाले दाखवाचं हाय तोंड?"

त्यांना चालवण्याची जबाबदारी माझ्यावर आली, कारण मी शिकलेला. दर शनिवारी मी वर्ध्याहून घरी जायचो आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहून भाषण द्यायचो. रक्ताभिसरण वगैरे शब्द वापरायचो. बाबा शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "बराबर हाय तुहं. तू चालून येजो. मी अठून पाह्यतो."

मी खरंच मारोतीच्या पारापर्यंत जाऊन परत यायचो. माझी तब्येत त्या काळात फार सुधारली.

वर्ध्यात मी नालवाडीला एका खोलीत राहतो. घरमालक सत्तरीच्या पुढचे, दुकानदार घराण्यातले. दुकान आता मुलगा चालवतो आणि ते घर चालवतात, म्हणजे भाडेकरूंवर लक्ष ठेवतात. मी त्यांना काकाजी म्हणतो. रोज सकाळी ते ओट्यावर खिळ्याला आरसा टांगून वस्तऱ्याने दाढी करतात. न्हाव्याकडे असतो तसला पातं बदलायचा नव्हे. जुना, सबंध पोलादाचा, घडी होऊन मुठीत जाणारा वस्तरा. त्यांचं मत असं की रोज दुसऱ्याच्या हाती आपली मान देणारा माणूस धंदा करू शकत नाही. त्यांच्या हनुवटीवर रोज वर्तमानपत्राचा एखादा तुकडा रक्ताने चिकटलेला असायचा. त्यावरून वस्तऱ्याबद्दल शंका घेणं मला तरी अविनयाचं वाटलं.

एकदा मी नळावर प्लास्टिकच्या रेझरने दाढी करत होतो. काकाजी मागे येऊन उभे राहिले.

"हे काय फावडं फिरवून राह्यला बे तोंडावर? दाढी करून राह्यला का वावर साफ करून राह्यला?"

"काकाजी, सगळे हेच वापरतात."

"सगळे तं नापासबी होतात. तू होशीन काय?"

मी रेझर नळाखाली धरून धुतला.

"शिकतो काय वस्तरा? बोल. मी शिकवतो."

मला नाही म्हणता येत नाही. शिवाय आमच्या घरात एक वाक्य माझ्या नावावर कायमचं लागलं आहे: "याच्या हातानं काई होत नाई." माझ्या हातून बैल सुटतो, फवारणीचा पंप गळतो, दोरीची गाठ आपोआप उकलते. काहीतरी हाताने नीट येतंय, हे एकदा बाबांना दाखवावं असं वाटत होतं. आणि मनात एक बेतही आला. आपण वस्तरा शिकायचा, घरी जाऊन बाबांची दाढी करायची. दाढी केलेल्या माणसाला बाहेर जावंसं वाटतं. बाहेर गेला म्हणजे चालणं आलंच. असा लांबचा विचार करायला मला तीन वर्षं लागली होती आणि विद्यापीठाने तो परीक्षेत कधी विचारला नव्हता.

मी हो म्हटलं. तेव्हा कळलं की काकाजींकडे दोन वस्तरे आहेत, दोन्हींची धार गेलेली आहे आणि त्यांच्या मनगटात आता कळ येते. गुरूने गुरुदक्षिणा आधीच ठरवून ठेवली होती.

"पयले धार लावाची. धार जमली तं गालाले हात लावजो. आधी नाई."

धार लावायच्या दगडाला ते सिल्ली म्हणत. हाताच्या तळव्याएवढी, काळपट आणि बायकांच्या गालालाही लाजवेल इतकी गुळगुळीत. तिच्यावर पाणी शिंपडायचं. वस्तरा आडवा ठेवायचा, त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकली पाहिजेत. मग धार पुढे ठेवून, जणू दगडावरचा पातळ पापुद्रा काढतोय असा सरकवायचा. टोकाला गेला की पाठीवर उलटायचा आणि परत आणायचा. बस्स, एवढंच. हे एवढंच करायला मला हिवाळा अपुरा पडला.

मी दाबायचो. मला वाटायचं, दाबल्याशिवाय धार कशी येईल? काकाजी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता आवाजावरून ओळखायचे.

"दाबू नको. दाबू नको, सांगतो ना! वस्तऱ्याचं वजन त्याले पुरते. तुहं कायले टाकतं त्याच्यावर?"

"काकाजी, पण धार येत नाहीये."

"राज्यशास्त्र शिकतो ना तू? मंग दाबून काई होत नाई, येवढं बी नाई शिकवलं तुमच्या सरानं?"

सिल्लीनंतर चामड्याचा पट्टा. त्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं, दुसरं डाव्या हातात ताणून धरायचं. इथे नेमकं उलटं: पाठ पुढे, धार मागे. पहिल्याच दिवशी मी सिल्लीच्या सवयीने धार पुढे नेली आणि काकाजींच्या वडिलांच्या काळातल्या पट्ट्यातून एक लांब फाक काढली. काकाजींनी फाकेत बोट घालून पाहिलं. मग घराकडे वळून काकूंना म्हणाले, "ऐकलं काय व? याले धार लावता आली!"

धार आली की नाही, हे कोपराखालच्या केसांवर पाहायचं असतं. केसाला नुसतं पातं टेकवलं आणि केस तुटला तर आली. रोज पाहून पाहून माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत सफाचट झाला. उजव्यावर मात्र जंगल. वर्गात एकाने विचारलं, भाजलं का. दुसऱ्याने त्वचारोगाच्या डॉक्टरचा नंबर दिला. मी दोघांनाही "तसं नाही" म्हणालो आणि पुढचं वाक्य जुळेपर्यंत दोघे निघून गेले.

हळूहळू आवाज बदलला. सिल्लीवर आधी खरखर यायची, ती जाऊन रेशमी कापड ओढल्यासारखा आवाज यायला लागला. एका सकाळी मी पातं टेकवलं आणि केस स्वतःहून पडल्यासारखा पडला. मी काकाजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "हं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे मानपत्रच. मग गालाची परवानगी मिळाली. एका हाताने कानाजवळची कातडी वर ताणायची, वस्तरा थोडा तिरपा धरायचा आणि खुंटांच्या दिशेने खाली आणायचा. गाल जमले, मानेलाही फारसं रक्त आलं नाही. माझ्याही हनुवटीवर आता वर्तमानपत्राचे तुकडे दिसायला लागले. घरमालक आणि भाडेकरू मिळून आम्ही अग्रलेख पुरा करत होतो.

इथे मिशीबद्दल सांगायला हवं. आमच्या गावात बाप हयात असताना पोरगा मिशी काढत नाही. मिशी उतरते ती बाप गेल्यावर, केस देतानाच. वर्ध्यात माझ्या वर्गातले निम्मे मुलगे तुळतुळीत तोंडाने फिरतात आणि त्यांचे बाप मोटारसायकली चालवतात, तिथे कुणी काही समजत नाही. नाचणगावात मात्र मिशी नसलेला ओठ ही बातमी असते. आणि माझी मिशी तरी काय होती? मिशीसाठी केलेला अर्ज होता, मंजुरी यायची होती.

तो शनिवार मी ठरवला होता. आज घरी जायचं, सोबत एक वस्तरा न्यायचा (काकाजींनी उसना दिला होता) आणि बाबांची दाढी करायची. त्यांना विश्वास वाटावा म्हणून आधी आपलं तोंड देखणं करावं, असं वाटलं. आदल्या संध्याकाळी मी उत्साहाने धार लावली. जरा जास्तच. पट्ट्यावरही घाईने फिरवली. जास्त घासलेली धार पातळ होऊन टोकाला वळते आणि मग कापायचं सोडून चावते, हे मला नंतर सांगण्यात आलं.

गाल झाले. मिशीची वरची कड सरळ करावी म्हणून नाक वर धरलं, पातं टेकवलं आणि ते चावलं. मी दचकलो. डाव्या बाजूचा कोपरा फेसासकट बोटावर आला.

"काय झालं?" ओट्यावरून काकाजी.

"थोडी मिशी गेली, काकाजी."

"किती?"

"डावीकडची."

"मंग उजवीकडची बराबर कर. घाबरतं कायले?"

मी उजवीकडची केली. ती जरा जास्त गेली. मग डावीकडे पुन्हा. लोण्याचा गोळा वाटणाऱ्या माकडाची गोष्ट लहानपणी ऐकली होती, तिचा अर्थ तेव्हा लागला नव्हता. शेवटी नाकाखाली मधोमध एवढंसं काहीतरी उरलं. ते ठेवलं असतं तर मी राज्यशास्त्राच्या पुस्तकातला हुकूमशहा दिसलो असतो. काढलं.

काकाजी आले, माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांना विचारायचं सुचलं.

"तुहे बाबा हायेत ना?"

"हायेत, काकाजी."

"मंग हे काय करून बसला बे!"

"तुम्हीच म्हणालात बरोबर कर."

"मी दाढीचं सांगतो. तुह्या बापाचा हिशेब मी ठेवू काय?"

तुरटी फिरवली, ओठ झोंबला, डोळ्यांत पाणी आलं. दुपट्टा तोंडाला गुंडाळला आणि मी एसटीत बसलो. लाल डोळे, तोंडाला फडकं. यात कुणाला काही संशय यायचं कारण मला दिसलं नाही.

पुलगावहून नाचणगावच्या ऑटोत आमच्या गावच्या बाजाराकडची एक मावशी होती. लांबच्या नात्यातली. सरकून जागा देताना माझा दुपट्टा घसरला. मावशीने माझ्या ओठाकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे, आणि पदर स्वतःच्या तोंडावर घेतला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"सांभाळ बाबू. आता मायले तुलेच पाह्यचं हाय."

मला सगळं कळलं. मी सांगणारच होतो. पण नेमकी सुरुवात कुठून करावी, सिल्लीपासून की पट्ट्यापासून, हे ठरवत होतो. तेवढ्यात तिची आळी आली आणि ती डोळे पुसत उतरली. ऑटो वळेपर्यंत फोन तिच्या कानाला होता.

मी घरी फोन लावला. लागत नव्हता. वाटेत बाबांच्या गोळ्या घ्यायला मेडिकलसमोर उतरलो. ज्याच्या जोरावर मी घरात डॉक्टर झालो, तोच हा मेडिकलवाला. माझा आवाज त्याला पाठ होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, काउंटरवर काढून ठेवलेली पट्टी हळूच परत कपाटात ठेवली आणि म्हणाला, "आता कायले भाऊ? जाऊ दे. घरी जाय तू."

"अरे, रोजच्या आहेत. संध्याकाळची लागते."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुःखाने माणसाला भ्रम होतो, हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मी गोळ्या सोडून धावलो.

गाव इतक्या वेगाने हलतं, हे मला माहीत नव्हतं. रस्ता करायला या गावाला इतकी वर्षं लागली, पण आमच्या अंगणात माणसं तेवढ्यात जमली होती. भिंतीला टेकून, खांद्यावर टॉवेल टाकून, माना खाली घालून दहाबारा जण बसले होते. कोणी बोलत नव्हतं. घरच्यांनी सुरुवात करावी, अशी मयतीची रीत आहे. आणि घरच्यांना काही माहीतच नव्हतं. आईला वाटलं, इतक्या दिवसांनी माणसं बाबांना भेटायला आली. ती आनंदाने चहा टाकायला आत गेली होती. ज्या घरी मयत झाली तिथे चूल पेटत नाही. इथे आलं कुटल्याचा आवाज येत होता आणि माणसं एकमेकांकडे चोरून पाहत होती.

याला कारण बाबाच होते. ते रोज पाराकडे दिसले असते तर या बातमीवर कोणी थुंकलंही नसतं. पण महिनोन् महिने त्यांना कोणी पाहिलंच नव्हतं. ते जिवंत असल्याचा पुरावा गावाकडे नव्हता.

मी फाटकात पोचलो. सगळ्यांनी आधी माझ्या ओठाकडे पाहिलं, आणि उरलीसुरली शंका मिटली. बाबांचे जुने सोबती, त्यांच्यासोबत पारावर पत्ते खेळणारे मोठे बाप्पा, उसासा टाकून शेजारच्याला म्हणाले, "सुटला म्हना बिचारा. तसाई काय राह्यलं होतं त्याच्यात? खाटेवरून उठे ना, कोनाशी बोले ना. गेल्यातच जमा होता."

खिडकी उघडी होती. आत खाट करकरली.

मी "बाप्पा, तसं नाही" म्हणालो. माझं ते वाक्य इथवर कुणीच पुरं ऐकलेलं नव्हतं, बाप्पांनीही ऐकलं नाही. कारण दारात बाबा उभे होते. एका हाताने चौकट धरलेली, दाढी छातीपर्यंत यायच्या बेतात, बनियनवर.

"कोन गेल्यातच जमा?"

बाप्पांचा टॉवेल खांद्यावरून पडला. मागच्या रांगेतले दोघे उठून उभे राहिले, त्यांचा विचार पळायचा होता की पाया पडायचा, हे त्यांनाही ठरवता येईना. आई चहाचं ताट घेऊन बाबांच्या मागे आली, अंगण पाहिलं, मला पाहिलं आणि ताट तिथेच खाली ठेवलं.

"हे रे काय केलं मुडद्या!"

"वस्तरा सरकला," मी म्हणालो. "धार जास्त झाली."

बाबांनी माझ्या ओठाकडे पाहिलं. मी आयुष्यभराच्या शिव्या एकदम खायला तयार होतो. पण त्यांची नजर माझ्यावरून बाप्पांवर गेली.

"भाऊ, आयुष्य वाढते बरं अशानं," बाप्पा घाईने म्हणाले. "खोटी बातमी आली की मानूस शंभरी गाठते, सांगून ठेवतो."

"काय राह्यलं होतं माह्यात, म्हने?"

"अरे ते आपलं... मयतीत बोलावं लागते काईतरी."

"माह्या मयतीत दुसरं काई सुचलं नाई तुले? येवढे दिवस पत्ते खेळलो तुह्यासंगं!"

बाप्पांनी चहाचा कप उचलला. मयतीत फुकट चहा प्यायला मिळणारे ते गावातले पहिलेच.

बाबा आत गेले. मला वाटलं, झालं, आता परत खाट. छातीवर हात ठेवून आई त्यांच्या मागे धावली. तर ते शर्ट घालत बाहेर आले. बटणं वर-खाली लागली होती. पायात चप्पल घालताना त्यांना भिंत धरावी लागली. मी हात पुढे केला, तो त्यांनी झटकला.

"कोनाकोनाले गेली ही बातमी?"

"मावशीने ऑटोत मला पाहिलं. बाजाराकडे सगळ्यांना सांगितलं असेल," मी म्हणालो.

"चाल."

"कुठे, बाबा?"

"बाजारात. अन् ते फडकं तोंडावर घेऊ नको. लोकाइले दोघंई दिसले पाह्यजे."

निघालो. दाढी वाढलेला बाप पुढे, मिशी गेलेला पोरगा मागे. बाबा फार हळू चालत होते, थांबत होते, पण प्रत्येक ओट्यासमोर मान ताठ करत होते. ओट्यावरचे लोक उभे राहत. एका म्हातारीने हात जोडले. बाबा तिला म्हणाले, "पाहून घे काकू, जिता हाय. पोट्ट्यानं मिशी बोडली. कॉलेजात शिकते ना, असंच शिकवतात तठी." एवढं लांब वाक्य ते दवाखान्यातून आल्यापासून बोलले नव्हते. मेडिकलसमोर थांबले आणि हात पुढे केला. "गोळ्या दे माह्या. का दुसऱ्याले देल्या?" मेडिकलवाल्याने दोन पट्ट्या दिल्या.

मावशीच्या आळीत ती स्वतः दारात आली. बाबांना पाहून आधी किंचाळली, मग रडली आणि मग मलाच शिव्या दिल्या. तिथून पुढे पुलाचा कठडा लागतो. बाबा त्यावर टेकले. कपाळावर घाम, श्वास मोठा. मी घाबरलो. डॉक्टर चाला म्हणाले होते, पण एकदम एवढं नाही. मी खिशातून फोन काढला.

"ऑटो बोलावतो, बाबा. आता परत जाऊ."

बाबांनी मान हलवली. दम लागत होता म्हणून हातानेच मला थांब म्हणाले. रस्त्याच्या पुढच्या टोकाकडे, शाळेपलीकडच्या घरांकडे ते पाहत होते.

"बस दोन मिनिटं," ते म्हणाले. "त्या टोकाचे राह्यले अजून."